मारियान होसाला संधिसाधू म्हणायचं का?

तुमचा प्रश्न असा आहे: स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचं विजेतेपद, जिंकायचा म्हणून स्लोव्हाकियाचा मारियान होसा तीन वर्षांत तीन संघांकडून खेळला असं वाचलं, मग त्याला संधिसाधू का म्हणू नये?

आधीच सांगतो, माझं उत्तर थोडं पक्षपाती आहे. २०१३ ते २०१६ मी नोकरीसाठी शिकागोजवळ होतो. आइस हॉकीतलं तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसमधल्या एकाने शिकागोच्या संघाच्या घरच्या मैदानाचं, युनायटेड सेंटरचं, अगदी वरच्या रांगेचं तिकीट गळ्यात मारलं. तिथून तो रबरी पक धड दिसत नाही, पण सगळे खेळाडू एका नजरेत दिसतात. तो म्हणाला, ‘आपल्याकडून पक गेला की ८१ नंबरकडे बघ.’ बघितलं. नावाजलेले गोल करणारे खेळाडू पक हातचा गेला की जरा रेंगाळतात, आपल्याकडे पहिल्या स्लिपला उभा असलेला स्टार फलंदाज चेंडूमागे धावताना रेंगाळतो तसे. हा मात्र गर्रकन वळून प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करायचा आणि मागून स्टिक घालून पक काढून घ्यायचा. तो होसा.

जन्म १९७९चा, स्टारा ल्युबोव्न्या गावातला, पण वाढला पश्चिम स्लोव्हाकियातल्या ट्रेन्चीनमध्ये. वडील फ्रान्टिशेक होसा हॉकीचे प्रशिक्षक, पुढे राष्ट्रीय संघाचेही. धाकटा भाऊ मार्सेलही एनएचएलमध्ये खेळला. स्थानिक क्लब दुक्ला ट्रेन्चीन. झ्देनो खारा आणि मारियान गाबोरीकही याच गावचे. १९९७मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) ओटावा संघाने होसाला पहिल्या फेरीत बाराव्या क्रमांकावर निवडलं. २००५मध्ये डॅनी हीटलीच्या बदल्यात तो अटलांटाला गेला आणि २००६-०७च्या हंगामात बरोब्बर १०० गुण केले, ४३ गोल आणि ५७ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेली मदत; दोन्हींची बेरीज म्हणजे गुण).

आता तुमच्या मुद्द्याकडे. फेब्रुवारी २००८मध्ये अटलांटाने त्याला पिट्सबर्गला दिलं. तिथे सिडनी क्रॉस्बी हा मोठा स्टार होता. संघ अंतिम फेरीत (सातपैकी चार सामने आधी जिंकेल त्याचा कप) पोचला आणि डेट्रॉइटकडून सहाव्या सामन्यात ३-२ने हरला. त्या सामन्यात दीड मिनिट उरलेलं असताना होसानेच पिट्सबर्गचा दुसरा गोल केला होता, आणि अगदी शेवटच्या क्षणी त्याने ढकललेला पक गोलरेषेसमोरून घसरत निघून गेला. मग त्याचा करार संपला आणि तो कुठल्याही संघाकडे जायला मोकळा झाला. अनेक वर्षांचे, एकूण रकमेने कितीतरी मोठे करार समोर असताना त्याने एकाच वर्षाचा, सुमारे ७४ लाख डॉलरचा करार केला. कोणाशी? ज्यांनी नुकतंच हरवलं त्या डेट्रॉइटशी! कारणही लपवलं नाही: कप जिंकण्याची शक्यता इथे जास्त वाटते. पिट्सबर्गचे प्रेक्षक खवळले ते साहजिकच होतं. २००९ला अंतिम फेरीत पुन्हा तेच दोन संघ आले. सातवा सामना डेट्रॉइटमध्ये, घरच्या बर्फावर, आणि पिट्सबर्ग २-१ने जिंकलं. हंगामात ४० गोल करणाऱ्या होसाला त्या सात सामन्यांत एकही गोल करता आला नाही. त्यानंतर त्याची जी टिंगल झाली ती विचारू नका.

संधिसाधूपणा म्हणजे पदरात जास्त पाडून घेणं असेल, तर इथे उलटच झालं. त्याने कमी घेतलं आणि हातातोंडाशी आलेला घासही गेला. माझ्या मते त्याचा अंदाज चुकला, नियत नाही.

त्यानंतर शिकागो, १२ वर्षांचा करार. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे तो नोव्हेंबर २००९च्या शेवटी उतरला आणि पहिल्याच सामन्यात दोन गोल केले. पण मला सांगायचाय तो दिवस २४ एप्रिल २०१०चा. कपसाठीच्या बाद फेऱ्यांतली पहिली, नॅशव्हिलविरुद्ध मालिका २-२, शिकागो एका गोलने मागे, आणि मिनिटभर उरलं असताना होसाने डॅन हॅमह्युईसला मागून कठड्यावर ढकललं. पाच मिनिटांची पेनल्टी. संघ एका माणसाने कमी, आणि हा काचेमागे बसून बघतोय. तिसऱ्यांदाही घोळ होणार, तोही स्वतःच्या हाताने! तेवढ्यात १३.६ सेकंद राहिले असताना शिकागोच्याच पॅट्रिक केनने बरोबरी साधली. जादा वेळेत उरलेली चार मिनिटं संघाने कशीबशी काढली, होसा पेनल्टी बॉक्समधून सुटला, सरळ गोलपोस्टकडे गेला आणि समोर आलेला पक आत ढकलून सामना जिंकून दिला. (नॅशव्हिलवाले अजून म्हणतात, त्याला सामन्यातूनच बाहेर काढायला हवं होतं. मीही नॅशव्हिलचा असतो तर हेच म्हणालो असतो.)

जूनमध्ये फिलाडेल्फियाला हरवून शिकागोने ४९ वर्षांनी कप जिंकला. कप्तान जोनाथन टेव्झने तो उचलला आणि सगळ्यात आधी होसाच्या हातात दिला. पुढे २०१३ आणि २०१५ला आणखी दोन. २०१३च्या अंतिम फेरीत समोर बोस्टन होतं, आणि त्यांचा कप्तान तोच ट्रेन्चीनचा खारा.

शेवटी पुन्हा एकदा संशय आलाच. त्या १२ वर्षांच्या कराराची रचना अशी होती की पैसे आधी भरपूर, शेवटची चार वर्षं फक्त दहा-दहा लाख डॉलर. नेमकी ती चार सुरू होण्याआधी, जून २०१७मध्ये, तो थांबला. खेळाच्या साहित्याने त्वचेचा विकार बळावत होता आणि त्यावरच्या औषधांचे दुष्परिणाम सोसेनात. काहींनी ‘सोयीचं आजारपण’ म्हणून नाकं मुरडली. पण त्याआधीच्या हंगामात, ३८व्या वर्षी, या माणसाने २६ गोल केले होते. एवढं खेळणाऱ्याला थांबायची कसली घाई असणार?

कारकिर्दीचा हिशेब १,३०९ सामने, ५२५ गोल, १,१३४ गुण. २०२०मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे हॉकीतल्या थोरांच्या सन्मानयादीसाठी, निवड झाली. त्याच वर्षीच्या यादीत केन हॉलंडही होते, म्हणजे २००८मध्ये त्याच्याशी तो एका वर्षाचा, फसलेला करार करणारे डेट्रॉइटचे जनरल मॅनेजर.