गच्चीवरची मायक्रोवेव्ह लिंक

प्रश्न : कारखाना महापे एमआयडीसीत, कार्यालय ठाण्यात वागळे इस्टेटला. अंतर साधारण १२ किमी. दोन्ही गच्च्यांवर डिश बसवून जोडणारी १५ गिगाहर्ट्झची बिनतारी लिंक पुरवठादार सुचवतो. यंत्रांसाठी गच्चीवर पत्र्याची खोली चालेल का?

उत्तर : खोलीआधी फ्रिक्वेन्सी ठरवा. ताशी १०० मिमीच्या सरीत १५ गिगाहर्ट्झचा सिग्नल किलोमीटरमागे सुमारे ६ डेसिबल (सिग्नलच्या ताकदीचं माप) घटतो, ७ गिगाहर्ट्झचा जेमतेम सव्वा. आपल्याकडच्या जुलैत १५ वर लिंक तुटत राहील. ७ मागा, पोलरायझेशन (लहरीच्या कंपनाची दिशा) उभं ठेवा. डब्ल्यूपीसीचा (केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा) परवाना आणि सॅकफाची (फ्रिक्वेन्सी वाटपाची सल्लागार समिती) मंजुरी हातात आल्याशिवाय रेडिओची ऑर्डर देऊ नका.

दोन डिशमधल्या सरळ रेषेचा मध्य ऐरोलीच्या आसपास पडतो. तिथे पृथ्वीच्या फुगवट्याचे २ मीटर आणि फ्रेनेल झोनच्या (लहरीला रेषेभोवती लागणारी मोकळी जागा) ६० टक्क्यांचे सुमारे ७, म्हणजे सगळ्यात उंच अडथळ्यावर ९ मीटर मोकळीक हवी. आज समोरचं टोक दिसतंय म्हणून थांबू नका. वाटेतल्या चालू बांधकामांची मंजूर उंची महापालिकेत विचारा.

१.२ मीटरच्या डिशवर वादळात दीडशे किलोच्या घरात रेटा येतो. मास्टचा (डिशच्या खांबाचा) पाया कॉलमवर घ्या, कठड्याला कधीच बांधू नका.

पत्र्याची खोली मात्र नको. सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना धरलेलं असतं. त्यावर दर १० अंशांना ते निम्मं होतं. वरच्या मजल्यावर जिन्यालगत विटांची, हवा खेळणारी खोली घ्या. ३०० वॅटचा भार ४८ व्होल्टवर ६ अँपिअरच्या थोडा वर जातो. ८ तासांना ५० अँपिअर-तास लागतात. बॅटरी पूर्ण उतरवायची नसते, शिवाय ती जुनी होत जाते, म्हणून १०० ची घ्या : १२ व्होल्टच्या चार, मिळून सव्वाशे किलोच्या आसपास. स्टँड बीमवर येऊ द्या.

केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, भोकाला बाहेरच्या बाजूला उतार ठेवा. अर्थिंग किट वर डिशपाशी आणि खाली प्रवेशापाशी, दोन्हीकडे हवंच. कनेक्टरवर आधी स्वतः चिकटणारी रबर टेप, मग पीव्हीसी. शेवटचा थर खालून वर गुंडाळा, म्हणजे पदर कौलांसारखे बसतात आणि पाणी ओघळून जातं. पावसाळ्यातली निम्मी दुखणी इथेच सुरू होतात.

प्रश्न : लिंक लागली, पण सिग्नल हिशेबापेक्षा २० डेसिबल कमी. रेडिओ बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. डिश बहुधा बाजूच्या लोबवर (मुख्य झोताशेजारच्या कमजोर झोतावर) अडकली आहे. एक टोक स्थिर ठेवून दुसरं डावी-उजवीकडे ५-५ अंश फिरवा, मग वर-खाली. सगळ्यात मोठं शिखर सापडलं की तिथे घट्ट करा. नंतर टोकांची अदलाबदल करून तेच करा. तरीही फरक राहिला तर दोन्हीकडचं पोलरायझेशन जुळतंय का ते तपासा.