दोन तिकिटं, एक बॅकपॅक आणि मधला विमानतळ

पाठीवर बॅग टाकून एकट्याने देशोदेशी फिरणाऱ्यांची पत्रं या वेळी जास्त आहेत. प्रश्न वरवर वेगवेगळे आहेत, पण निम्म्यांचं उत्तर एकाच गोष्टीवर अडतं : प्रवास एका तिकिटावर आहे की तुकड्यातुकड्यांनी विकत घेतलेला. म्हणून तो प्रश्न आधी घेतला आहे.

प्रश्न : स्वस्त पडतं म्हणून दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटं काढली. मधल्या देशात २ तास ४० मिनिटं मिळतात. चेक-इन केलेली बॅग थेट शेवटच्या विमानतळावर मिळेल का? मला त्या देशात शिरायचंच नाही, तरी व्हिसा लागेल का?

बॅग बहुधा मधल्याच विमानतळावर बेल्टवर येईल. ती घ्यायची तर इमिग्रेशन पार करावं लागेल, म्हणजे त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागेल. तुमच्या पासपोर्टला तिथला व्हिसा लागत असेल, तर तो हवाच.

आधी तिकिटं खरोखर दोन आहेत का ते तपासा, कारण बुकिंग साइट स्वतःचा एकच संदर्भ क्रमांक देऊन आतून दोन तिकिटं विकू शकते. ई-तिकिटाचा १३ आकडी क्रमांक पाहा. सगळी उड्डाणं एकाच क्रमांकाखाली असतील तर तिकीट एक. प्रत्येक उड्डाणाचा क्रमांक आणि पीएनआर वेगळा असेल, किंवा कुठे बारीक अक्षरात ‘सेल्फ ट्रान्सफर’ लिहिलेलं असेल, तर मधला बदल ही पूर्णपणे तुमची जबाबदारी.

आता तुमच्या १६० मिनिटांचा हिशोब. विमानातून बाहेर पडणं, इमिग्रेशनची रांग, बेल्टवर बॅगेची वाट, कस्टम्स, प्रस्थानाच्या मजल्यावर जाणं, दुसऱ्या कंपनीचा काउंटर गाठून बॅग देणं, सुरक्षा तपासणी, पुन्हा इमिग्रेशन आणि मग गेट. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचा काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, गेट १५ ते २० मिनिटं आधी. म्हणजे बॅग हातात घेऊन काउंटरपर्यंत पोहोचायला तुमच्याकडे जेमतेम १०० मिनिटं आहेत, तीही पहिलं विमान वेळेवर उतरलं तर. बॅग चेक-इन करायची असेल तर चार-पाच तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये, आणि दुसरं विमान त्या दिवशीचं शेवटचं नसावं.

बॅग फक्त हातातली असेल आणि दुसरा बोर्डिंग पास आधीच मोबाइलवर असेल तर काही विमानतळांवर ट्रान्झिट भागातूनच, म्हणजे इमिग्रेशन न ओलांडता, पुढे जाता येतं. मात्र यात दोन खोडे आहेत. अनेक स्वस्त कंपन्या परदेशी पासपोर्ट काउंटरवर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बोर्डिंग पास ग्राह्य धरत नाहीत, आणि तो काउंटर इमिग्रेशनच्या बाहेर असतो. दुसरा खोडा त्याहून मोठा. पहिल्या कंपनीच्या नोंदीत तुमचा शेवटचा मुक्काम तो मधला देशच असतो, त्यामुळे तिथला व्हिसा नाही म्हणून ती तुम्हाला मुळात निघूच देत नाही. लोक मधल्या विमानतळाची काळजी करत बसतात आणि अडतात ते पहिल्याच काउंटरवर. कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणावं लागतं, म्हणून तिथे कुणी दयामाया दाखवत नाही.

एकाच तिकिटावरही गाफील राहू नका. अमेरिकेत व्हिसाशिवाय थांबता येईल असा ट्रान्झिट भागच नाही : फक्त विमान बदलायचं असलं तरी व्हिसा किंवा पात्र देशांसाठीची एस्टा परवानगी लागते, आणि बॅग साधारणपणे पहिल्या अमेरिकी विमानतळावर उचलून पुन्हा द्यावी लागते. ज्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो त्यांच्यापैकी बहुतेकांना तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो ४८ तासांपर्यंतच्या थांब्यासाठी असतो आणि त्याला शुल्क नाही. शेंगेन देशांत, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, एकाऐवजी दोन विमानतळ लागले, उदाहरणार्थ पॅरिसला उतरून लिस्बनमार्गे ब्राझील, तर पॅरिसलाच इमिग्रेशन होतं, कारण पॅरिस-लिस्बन हे उड्डाण अंतर्गत धरलं जातं. तिथे विमानतळ ट्रान्झिट व्हिसा पुरत नाही, पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. आणि शहर एकच असलं तरी विमानतळ बदलतो का ते पाहा. हीथ्रोला उतरून गॅटविकहून उड्डाण, किंवा नारिताला उतरून हानेदाहून, म्हणजे देशात शिरून रस्त्याने किंवा रेल्वेने जाणं आलं.

पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर एका तिकिटावर कंपनी पुढच्या विमानात जागा देते. दोन तिकिटांवर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. शिवाय त्या तिकिटावर पुढचे टप्पे किंवा परतीचं उड्डाण असेल, तर तेही बहुधा रद्द होतं.

प्रश्न : माझी बॅग ४५ लिटरची आहे. केबिनमध्ये चालेल का?

लिटर कुणी मोजत नाही. मोजतात लांबी-रुंदी-जाडी आणि वजन. बऱ्याच कंपन्यांची मर्यादा ५५×४०×२० ते २३ सेंटिमीटर आणि ७ ते १० किलो अशी असते. स्वस्त तिकिटात फुकट मिळते ती फक्त सीटखालची बॅग, बहुधा ४०×३०×२० सेंटिमीटरची. ४५ लिटरच्या ट्रेकिंग बॅगेत पाठीची फ्रेम असेल तर उंची साठच्या वर जाते आणि ती दाबून कमी होत नाही. मऊ, बिनफ्रेमची बॅग कोंबता येते. मोजताना वरचं झाकण आणि बाहेरचे खिसे भरलेले ठेवून मोजा, रिकामी बॅग मोजण्यात अर्थ नाही.

चेक-इनमध्ये टाकणार असाल तर पट्टे आवरा. लोंबते पट्टे कन्व्हेयरमध्ये अडकतात, तुटतात किंवा बॅग तिथेच राहते. कमरेचा पट्टा उलट फिरवून बॅगेच्या पुढच्या बाजूला बांधा, खांद्याचे पट्टे घट्ट ओढा आणि सगळी बॅग जाड कापडी पिशवीत घाला. पावसाचं कव्हर या कामाचं नाही, ते पाठीची बाजू उघडी ठेवतं. काउंटरवर कधी कधी अशी बॅग मोठ्या आकाराच्या सामानाच्या वेगळ्या बेल्टवर न्यायला सांगतात. सांगितलं तर न कुरकुरता न्या, तिथे ती जास्त सुरक्षित असते. जुने टॅग आणि बारकोडचे चिकटलेले तुकडे सोलून काढा. नवा टॅग लागताच त्यावरचा तीन अक्षरी विमानतळ कोड वाचा, आणि बॅगेचा व टॅगचा फोटो घ्या. नाव आणि फोन क्रमांकाची चिठ्ठी बॅगेच्या आतही हवी, कारण बाहेरची पट्टी सर्वांत आधी तुटते.

चाकू, मल्टीटूल, तंबूच्या खुंट्या चेक-इनमध्ये. ट्रेकिंगच्या काठ्याही तिकडेच टाका, केबिनमध्ये त्या तपासणाऱ्याच्या मर्जीवर असतात. स्टोव्हचा गॅस सिलिंडर कुठेच चालत नाही, अर्धा रिकामा असला तरी. वापरलेल्या स्टोव्हला इंधनाचा वास येत असेल तर तोही काढून घेतात, त्यामुळे धुऊन दोन-तीन दिवस उघडा वाळवा. द्रव पदार्थांत १०० मिलिलिटर हे बाटलीचं माप असतं. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाला थोडं उरलंय हा युक्तिवाद चालत नाही.

प्रश्न : पॉवर बँक केवढी नेता येते?

केबिनमध्येच, चेक-इनमध्ये कधीही नाही. मर्यादा वॉट-अवरमध्ये असते : १०० पर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० कंपनीच्या मंजुरीने आणि जास्तीत जास्त दोन, १६० च्या वर बंदी. पॉवर बँकेवर बहुधा मिलिअँपिअर-अवर छापलेलं असतं. त्याला व्होल्टने गुणून १००० ने भागा. २०,००० गुणिले ३.७ भागिले १००० म्हणजे ७४, चालेल. गुणायचं ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने, यूएसबीच्या ५ व्होल्टने नव्हे. छापील अक्षरं पुसली असतील तर आकडा कितीही लहान असो, जप्त होऊ शकते.

काही देशांचे नियम याहून कडक आहेत. दक्षिण कोरियाच्या विमानांत १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवता येत नाही. चीनमधल्या देशांतर्गत उड्डाणांत २८ जून २०२५ पासून ‘३सी’ ही चिनी सुरक्षा प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवर बँक चालत नाही, त्यामुळे बाहेरून आणलेली तिथल्या दुसऱ्या विमानात अडते. आणखी एक : विमान भरलं की गेटवर अचानक केबिन बॅगा खाली पाठवतात. त्या क्षणी पॉवर बँक, पासपोर्ट, औषधं झटकन काढता येतील अशा छोट्या पिशवीत ती आधीच असलेली बरी.

प्रश्न : एकेरी तिकिटावर निघालो की काउंटरवर ‘पुढचं तिकीट दाखवा’ म्हणतात. पुढे कुठे जायचं तेच ठरलेलं नसेल तर?

ही अट देशाची असते आणि तपासते विमान कंपनी. कर्मचारी ‘टिमॅटिक’ या माहितीसाठ्यात तुमचा पासपोर्ट आणि मुक्काम टाकतात आणि पडद्यावर येईल ते लागू करतात. त्यामुळे ‘मागच्या वेळी कुणी विचारलं नाही’ हे उत्तर निरुपयोगी आहे. सर्वांत सरळ उपाय म्हणजे शेजारच्या देशाचं सर्वांत स्वस्त खरं तिकीट, तुमच्या मुक्कामाच्या परवानगीच्या मुदतीतलं. पूर्ण परतावा मिळणारं तिकीट काढून नंतर रद्द करता येतं, पण पैसे खात्यात परत यायला वेळ लागतो. बसचं तिकीट सीमेवर चालतं, काउंटरवर दर वेळी नाही. काही साइट दोन दिवसांसाठी नुसतं आरक्षण विकतात. त्याला ई-तिकीट क्रमांक नसेल तर ते तिकीट नव्हेच, आणि हे काउंटरवर लगेच कळतं. स्वतः फोटो जुळवून बनवलेलं तिकीट तर इमिग्रेशनसमोर सरळ खोटा दस्तऐवज ठरतो.

त्याच फायलीत पहिल्या रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता ठेवा, आणि पासपोर्टची मुदत पाहा : अनेक देश प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने मागतात. आगमनाचा ऑनलाइन फॉर्मही विसरू नका. थायलंडने १ मे २०२५ पासून तो परदेशी प्रवाशांना सक्तीचा केला आहे, सिंगापूरमध्येही तो लागतो. दोन्हीकडे तो आगमनाच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो आणि फुकट असतो. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.

प्रश्न : बेल्ट थांबला, बॅग आली नाही. मी दर दोन दिवसांनी गाव बदलतो. काय करावं?

कस्टम्सच्या बाहेर पडू नका. आतल्याच सामान-तक्रार काउंटरवर पीआयआर हा अहवाल लिहून घ्या. त्यावर पाच अक्षरं आणि पाच आकडे असा संदर्भ मिळतो, त्यानेच पुढे ऑनलाइन शोध घेता येतो. दोन तिकिटं असतील तर ज्या तिकिटावर बॅग शेवटची दिली, त्या कंपनीकडे जा. पत्त्याच्या रकान्यात एकच हॉस्टेल लिहू नका. पुढच्या पाच-सहा दिवसांच्या मुक्कामांचे पत्ते तारखेसह द्या आणि बेत बदलला की कळवा, नाहीतर बॅग तुमच्या मागे गावोगाव फिरत राहते. शक्य असेल तर त्या शहरातच दोन दिवस थांबणं शहाणपणाचं.

पीआयआर म्हणजे भरपाईचा दावा नव्हे. १९९९ चा माँट्रियल करार लागू असलेल्या प्रवासात दावा लेखी द्यावा लागतो : बॅग फाटली-मोडली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरता येतं. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं मोजमाप, रोजचा दर निधीच्या साइटवर मिळतो. ही मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे, म्हणून कपडे आणि दात घासण्याच्या ब्रशपर्यंत सगळ्या पावत्या ठेवा.

प्रश्न : युरोपात विमान चार तास उशिरा पोहोचलं. पैसे मिळतात म्हणे?

युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाने, शेवटच्या मुक्कामी तीन तास किंवा अधिक उशीर झाला तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो. संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीला तो लागू आहे, बाहेरून संघात येणाऱ्या फक्त संघातल्या कंपन्यांना. खराब हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणाचा अडथळा असेल तर रोख भरपाई नाही, पण जेवण आणि गरज पडल्यास रात्रीची सोय तेव्हाही द्यावी लागते. नेहमीचा तांत्रिक बिघाड ही सबब सहसा टिकत नाही. उशीर मोजतात तो विमानाचं दार उघडेपर्यंत, चाकं टेकेपर्यंत नाही. आणि तुकड्यांची तिकिटं असतील तर त्या एका उड्डाणाचाच उशीर धरतात : चाळीस मिनिटांच्या उशिराने तुमचं पुढचं विमान चुकलं, तर हा नियम कामाचा नाही.

प्रश्न : रात्र विमानतळावर काढता येते का?

विमानतळ चोवीस तास उघडा आहे का ते आधी पाहा, अनेक छोटे विमानतळ शेवटच्या विमानानंतर सगळ्यांना बाहेर काढतात. आतल्या भागात झोपणं सोपं, पण दुसऱ्या तिकिटावर बॅग द्यायची असेल तर काउंटर उघडेपर्यंत, म्हणजे उड्डाणाच्या दोन-तीन तास आधीपर्यंत, बाहेरच्या भागातच राहावं लागतं. बॅगेचा पट्टा पायात अडकवा. गजर लावण्याआधी फोनने स्थानिक वेळ घेतली आहे का ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहा, कारण विमान मोडवरून न निघालेला फोन मागच्याच देशाची वेळ दाखवतो. आणि तिकिटावर १४ तारखेला ००:२० लिहिलं असेल, तर विमानतळावर १३ तारखेच्या रात्री पोहोचायचं असतं.