वाचकांचे प्रश्न : आजारपणाची चित्रं

प्रश्न : आई अंथरुणाला खिळून आहे. तिची सेवा करता करता तिची चित्रं काढतो, पण चेहरा साधत नाही. साहित्य कोणतं वापरावं?

उत्तर : आधी तिला विचारा, आणि दरवेळी विचारा. काल चालेल म्हणाली म्हणून आज चालेलच असं नाही.

चेहरा चुकतो तो बहुधा पायथ्याशी बसल्यामुळे. तिथून हनुवटी, नाकपुड्या मोठ्या दिसतात, कपाळ आखडतं. हात मात्र सवयीने उभ्या चेहऱ्याची मापं लावतो. पलंगाच्या बाजूला, डोळे उशीच्या पातळीवर येतील असे बसा. आधी उशीची रेघ, मग त्या रेघेशी नाकाचा कोन, डोळे सर्वांत शेवटी. स्विस चित्रकार होडलर यांनी 1915 मध्ये वारलेल्या आपल्या सहचरीची आजारपणात काढलेली चित्रं जरूर पाहा : चेहरा हळूहळू आडवा होत जातो.

4बी पेन्सिल आणि ए5 वही पुरे. कोळशाची भुकटी उडते. फिक्सेटिव्हचा (चित्र पुसलं जाऊ नये म्हणून मारायचा) फवारा, टर्पेंटाइन त्या खोलीत नकोच, श्वासाला त्रास होतो. एका बैठकीला 10 मिनिटं. औषधाची वेळ झाली की रेघ अर्धी सोडून उठा. पानावर तारीख, वेळ तेवढी लिहा.