गावात दोन गट आहेत. कुठल्याही पक्षाचा शिक्का न लागता सगळ्यांना एका कामावर आणता येतं का?

तुम्ही लिहिलंय की गावात दोन पॅनल आहेत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा माणसं गटागटानं बसतात, तरुण पोरं काही करायला निघाली की "यांचा बोलविता धनी कोण?" हाच पहिला प्रश्न येतो, आणि तरीही तुम्हाला गावाचं काम उभं करायचंय. जमतं. मी सातारा जिल्ह्यातल्या माण-खटाव पट्ट्यातला. पाऊस जेमतेम 500 मिलिमीटर, आणि राजकारण बारमाही. या पट्ट्यात गावं कामावर आलेली मी पाहिली आहेत, आमच्या गावात मी स्वतः त्यात राबलो आहे. मात्र "गट-तट विसरा, एक व्हा" असं माइकवरून सांगून कुणी एक होत नाही. गट राहतातच. ते असताना दोन्हीकडच्या माणसाला मान खाली न घालता कामावर येता यावं, अशी व्यवस्था आधी बसवावी लागते. श्रेय कुणाचं आणि पैसा कुठं गेला, या दोन प्रश्नांची उत्तरं पहिल्या दिवसाआधी ठरलेली असली की निम्मी लढाई जिंकलात.

गट म्हणजे पक्ष, हे समीकरण आधी डोक्यातून काढा. ग्रामपंचायतीची निवडणूक आपल्याकडे पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. पॅनल असतात, आणि त्यांच्या मुळाशी भावकी असते, बांधाची मोजणी असते, विकास सोसायटीचं कर्ज कुणाला मिळालं नि कुणाचं अडलं हे असतं, डेअरीवर कुणाच्या दुधाला फॅट कमी लागली हे असतं. पक्ष त्यावर नंतर येऊन बसतो. आमदार बदलला की पॅनलचा झेंडा बदलतो, भांडण तेच राहतं. यात तुमच्या सोयीची गोष्ट अशी की विचारसरणीवर वाद घालून कुणाचं मन वळवायची गरज नाही. फेब्रुवारीत दोन्ही गटांच्या विहिरी तळ गाठतात. तिथून सुरुवात करा.

पाणी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेनं नेमकं हेच हेरलं होतं. 2016 साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतल्या 116 गावांपासून स्पर्धा सुरू झाली, 2018 पर्यंत ती 75 तालुक्यांत पोचली. 2018 ला मुदत होती 8 एप्रिल ते 22 मे, ऐन उन्हाचे 45 दिवस. गावाच्या हाती रोख पैसा कुणी दिला नाही, दिलं ते प्रशिक्षण. गावानं निवडलेल्या बाया-माणसांनी चार दिवस राहून पाणलोटाचं शास्त्र शिकायचं आणि परत येऊन गाव उठवायचं. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू जिंकलं, 2018 ला माणमधलं टाकेवाडी. स्पर्धेवर टीकाही झाली, भूजलाच्या जाणकारांनी यंत्रानं केलेल्या अंदाधुंद नाला खोलीकरणावर बोट ठेवलं, आणि त्यात तथ्य आहे. पण माणसं एकत्र आणण्यापुरतं बोलायचं तर त्या आखणीत दोन गोष्टी फार शहाणपणाच्या होत्या. एक, मुदत छोटी होती. "कायमचं एक व्हा" हे कुणाला पेलत नाही, "मे महिन्याच्या बावीस तारखेपर्यंत या" हे पेलतं. दुसरी, काम घनमीटरमध्ये मोजलं जायचं. कुणी किती खणलं यावर मत असू शकत नाही, टेप लावला की कळतं.

सलग समतल चर, म्हणजे उतारावरचं पाणी अडवायला खणलेला लांब चर, कसा आखतात ते पाहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. उताराला आडवी, एकाच पातळीची रेघ मारायची असते. त्यासाठी हायड्रोमार्कर वापरतात: दोन काठ्या, दोन्हींवर मोजपट्टी, मधे पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. एकानं इकडची काठी धरायची, दुसऱ्यानं तिकडची. दोन्ही पट्ट्यांवर पाणी एकाच आकड्याला आलं की तिथं फक्कीची खूण. हे एकट्यानं होत नाही, आणि आकडा चुकीचा सांगितला तर पहिल्याच वळवाच्या पावसात चर फुटतो. आमच्याकडे प्रशिक्षणाला दोन्ही गटांतून सारखीच माणसं पाठवायची असं आधीच ठरलं होतं. त्यामुळे सोसायटीच्या निवडणुकीपासून एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे त्या नळीच्या दोन टोकांना आले. सुरुवातीला त्यांच्यात फक्त आकडे बोलले जात. "इकडं एकवीस." "माझ्याकडं बावीस, मी वर सरकतो." एवढंच. मग उन्हाबद्दल, मग कुणाच्या शेळ्या चरात उतरतात त्याबद्दल. त्यांची दोस्ती झाली असं मी म्हणणार नाही. पुढच्या निवडणुकीत ते पुन्हा आमनेसामने उभे होते. पण डोंगरावरचे चर टिकले, आणि त्या निवडणुकीत चर बुजवायची भाषा कुणी केली नाही, कारण ते दोघांचे होते.

आता श्रेयाचं. गावाचं काम मोडतं ते बहुतेक वेळा यावरच. नारळ कोण फोडणार, फोटोत मधे कोण, फ्लेक्सवर कुणाचा चेहरा मोठा. एका पुढाऱ्यानं आमच्याकडे पोकलेन पाठवला आणि त्याला स्वतःचा बॅनर बांधून पाठवला. दुसऱ्या गटाची माणसं त्या दिवशी श्रमदानाला फिरकली नाहीत. संध्याकाळी बैठक बसली. यंत्र ठेवायचं, बॅनर घडी करून चालकाच्या हाती परत द्यायचा, आणि मदत करणाऱ्या प्रत्येकाचं नाव शाळेच्या फळ्यावर एकाच मापाच्या अक्षरांत लिहायचं, असं ठरलं. दहा लिटर डिझेल देणाऱ्याचंही, पोकलेन देणाऱ्याचंही, रोज ताकाचा हंडा आणणाऱ्या मावशींचंही. पुढारी दोन दिवस नाराज होते, मग स्वतः घमेलं उचलायला आले. माझा आग्रहाचा सल्ला आहे, हा नियम काम सुरू व्हायच्या आधी लेखी करा आणि दोन्ही पॅनलच्या प्रमुखांची सही घ्या. वेळ आल्यावर सांगायला गेलात तर तो नियम एखाद्याच्या विरोधात काढला असं वाटतं. नारळाचं सोपं आहे. गावातल्या सगळ्यात वयस्कर आजीच्या हातून फोडा, कुणाची हरकत येत नाही.

पैशाचा हिशोब रोजच्या रोज आणि भिंतीवर हवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको, तिथं हिशोबाखाली लगेच टोमणे सुरू होतात. आम्ही मारुतीच्या देवळासमोरच्या भिंतीवर लिहायचो: यंत्राच्या मीटरचा सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, डिझेल किती लिटर, वर्गणी किती जमली, शिल्लक किती. लिहिणारा एका गटाचा, ताळा करणारा दुसऱ्या गटाचा. रात्री जेवून पारावर येणारा प्रत्येक जण ते वाचायचा. ज्याला संशय घ्यायचाय त्याला भरपूर संधी द्या. चारचौघांत घेतलेल्या संशयाचं तिथल्या तिथं उत्तर देता येतं, चहाच्या टपरीवर कुजबुजलेल्याचं देता येत नाही.

एक गोष्ट मात्र फार कमी लोक विचारतात, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काम सगळ्यांनी करायचं, पण फळ कुणाला? पाणलोटाच्या कामानं विहिरीला पाणी वाढतं, म्हणजे ज्याला जमीन आहे त्याचं भलं होतं. भूमिहीन माणसानं फुकट घाम का गाळायचा? दलित वस्तीतून श्रमदानाला कमी लोक आले की "त्यांना गावाचं काही पडलेलं नाही" असं बोललं जातं, ते अन्यायाचं आहे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा हा प्रश्न मुळातच सोडवला होता. पाणी जमिनीच्या मापानं न वाटता माणशी वाटलं: डोई अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस घ्यायचा नाही. आणि पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला नसल्यामुळे जमीन विकली तरी पाणी विकलं जात नसे. तुम्ही इतकं सगळं पहिल्या फटक्यात करू शकणार नाही. पण गायरानातला चारा कुणाचा, तळ्यातली मासेमारी कुणाची, पिण्याच्या पाण्याची लाइन आधी कुठल्या वस्तीत जाणार, हे तरी कुदळ मारण्याआधी ठरवा. पॅनलच्या दोन गटांत समेट झाला आणि वस्ती कोरडी राहिली, तर त्याला गाव एक झालं असं मी म्हणणार नाही.

तुम्ही विचारलंय की निवडणूक बिनविरोध केली तर गट मिटतील का. माझं स्पष्ट मत, त्याच्या मागे लागू नका. बिनविरोध म्हणजे एकी असं सर्रास मानलं जातं, पण पुष्कळ ठिकाणी चार वजनदार माणसं रात्री बसून नावं ठरवतात आणि बाकीच्यांचं तोंड बंद होतं. सरपंचपदाचा लिलाव झाल्याच्या प्रकारावरून जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाला नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथली निवडणूक रद्द करावी लागली. दोन्हीकडे वरवर पाहता सहमतीच होती. उलट हिवरे बाजार पाहा. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, श्रमदान, आणि दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून कुठलं पीक घ्यायचं हे गावानं ठरवायचं. तिथं तीसएक वर्षं निवडणूक बिनविरोध होत आली होती, 2021 मध्ये मतदान झालं. गाव काही मोडलं नाही. पाण्याचा ताळेबंद मतदानावर अवलंबून नव्हता.

खरी सहमती कशी दिसते ते गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाकडून शिकावं. शंभरेक घरांचं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा आपल्याला पाठ असते, पण त्यामागची पद्धत आपण बघत नाही. गावातले देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम करणारे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी तिथं दोन बैठका वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात नुसती चर्चा, तिथं बाहेरचा माणूसही येऊ शकतो, शंका काढू शकतो, निर्णय काहीच होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तो बहुमतानं नाही, सर्वांच्या संमतीनं. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढं ढकलायचा. वेळखाऊ वाटतं ना? याच गावानं 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार घेतला. ज्याचा विरोध ऐकून घेतला गेलाय तो माणूस नंतर काम पाडत नाही. आपल्याकडे ग्रामसभेत हात वर करून ठराव होतो आणि हरलेला गट दुसऱ्या दिवसापासून तो ठराव कसा फसेल ते बघतो. तुमच्याकडे पूर्ण सर्वसहमती लगेच जमणार नाही, पण चर्चेची बैठक आणि निर्णयाची बैठक वेगळी ठेवणं तर उद्यापासून जमेल. त्या पहिल्या बैठकीत माणूस मत बदलू शकतो, कारण तिथं हरण्या-जिंकण्याचा प्रश्न नसतो.

ग्रामसभेचा उपयोग करा. वर्षातून किमान चार व्हायलाच हव्यात, आणि एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी तेवढी माणसं बसली की गणपूर्ती होते. शंभर माणसं जमवणं दोन गटांनी मनावर घेतलं तर अवघड नाही. तिच्याआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती कागदावर उरकू देऊ नका. माझा अनुभव असा की बचत गटांत दोन्ही पॅनलच्या घरातल्या बायका आधीपासून एकत्र बसतात, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतात. गावात पॅनल ओलांडून चाललेला तोच एक व्यवहार असतो बऱ्याचदा, आणि पुरुष मंडळींचं तिकडं लक्षच नसतं. आमच्याकडे श्रमदानाला पहिल्या आठवड्यात पुरुषांपेक्षा बाया जास्त होत्या.

ग्रामसेवक, सरपंच यांना बाजूला ठेवून काही करू नका. सरपंच एका गटाचा असणारच. त्याला बोलवा, काम सांगा, आणि बैठकीचं अध्यक्षपद आळीपाळीनं फिरतं ठेवा.

सुरुवातीला काम लहान घ्या, एका उन्हाळ्यात डोळ्यांनी दिसेल असं. शाळेभोवतीची झाडं, ओढ्यावरचा एखादा गाळानं भरलेला बंधारा, स्मशानभूमीचा रस्ता. स्मशानभूमीचा रस्ता तर मी आवर्जून सुचवेन, त्यावरून सगळ्यांनाच जायचंय आणि पावसाळ्यात तिरडी चिखलातून नेताना प्रत्येक घरानं हाल सोसलेले असतात. वेळ ठरवण्याआधी पुढच्या वर्षभरात ग्रामपंचायत, सोसायटी, जिल्हा परिषद यांच्यापैकी कुठली निवडणूक येतेय ते बघून घ्या. प्रचाराचा महिना-दोन महिने काम बंद ठेवायचं, त्याआधी हिशोब भिंतीवर पूर्ण करून त्याचा फोटो काढून ठेवायचा, आणि ज्याला ज्या पॅनलचा प्रचार करायचाय तो मोकळेपणानं करू द्यायचा. निकालाचा गुलाल उतरला की आठवडाभरात पुढची बैठक लावा, आणि तिचं निमंत्रण हरलेल्या पॅनलच्या प्रमुखाच्या घरी स्वतः जाऊन द्या.