फिल्मचा पहिला रोल

डिजिटल कॅमेऱ्यावरून फिल्मकडे वळताना लग्नाच्या फोटोंची ऑर्डर एवढ्यात फिल्मवर घेऊ नकोस. आधी इलफर्डचा एचपी५ प्लस, ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा) ब्लॅक अँड व्हाइट रोल घे आणि ३६ फ्रेम घरच्यांवरच संपव. डिजिटलमध्ये आपण हायलाइट, म्हणजे फोटोतले सर्वात उजळ भाग, जपतो; अशा निगेटिव्ह फिल्मवर उलटं, प्रकाशाचं रीडिंग सावलीचं घ्यायचं. शंका आली तर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्तच दे, कमी नको. (थेट पॉझिटिव्ह चित्र देणारी स्लाइड फिल्म मात्र एवढी चूक पोटात घालत नाही.) जुना निकॉन एफएम२ कॅमेरा मिळाला तर उत्तम, बॅटरी संपली तरी शटर चालतं, फक्त प्रकाश मोजणारा मीटर बंद पडतो. घेताना मागच्या झाकणाचा फोम चिकट झालाय का बघ, नाहीतर प्रकाश आत शिरतो. आणि लॅबकडून नुसते स्कॅन घेऊन येऊ नकोस, निगेटिव्ह मागून घे.