‘सेन्सर ओरिएंट करा’ मराठीत कसे सांगावे?

प्रश्न असा आला आहे: मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारे उपकरण) घेऊन कोकणात रानोमाळ फिरणाऱ्या मदतनिसांसाठी सूचना लिहायच्या आहेत. त्यात ‘सेन्सर ओरिएंट करा’ याला ‘अभिमुखीकरण करा’ म्हणावे की ‘दिशा द्या’?

माझ्या मते दोन्ही नकोत. दिशा समाजाला वगैरे देतात. ‘अभिमुख’ शब्द चांगला रुळलेला आहे, पूर्वाभिमुख गाळ्यांच्या जाहिराती रोज दिसतात. पण त्याला दर्शनी बाजू लागते. इथे तोंडाचा नाही, अक्षाचा प्रश्न आहे. शिवाय उपकरणागणिक त्या ‘ओरिएंट’चा अर्थ बदलतो, त्यामुळे एकच क्रियापद सगळीकडे चालवू नये.

प्रोटॉन मॅग्नेटोमीटर घ्या. बाटलीत रॉकेलसारखा हायड्रोजनयुक्त द्रव, भोवती तारेचे वेटोळे. वेटोळ्यात थोडा वेळ प्रवाह सोडायचा आणि तोडायचा. मग प्रोटॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डुलतात, आणि त्या डुलण्याची वारंवारता मोजली जाते. अलिबागकडे क्षेत्र साधारण 43,000 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक), म्हणजे प्रोटॉनचे सेकंदाला 1,830च्या आसपास फेरे. वेटोळ्याचा अक्ष नेमका क्षेत्राच्या रेषेत आला तर सिग्नलच मिळत नाही. त्या भागात ही रेषा उत्तरेकडे जाताना क्षितिजाखाली पंचविसेक अंश झुकते, म्हणून अक्ष पूर्व-पश्चिम आडवा धरला की काटकोन आपोआप साधतो. थोडे इकडेतिकडे झाले तरी सिग्नल जरा क्षीण होतो, आकडा बदलत नाही. तेव्हा इथे साधे ‘धरा’ पुरे: ‘अक्ष अंदाजे पूर्व-पश्चिम धरा’. ‘अंदाजे’ मुद्दाम लिहा, नाहीतर माणूस उगीच होकायंत्र काढून बसेल (आणि ते सेन्सरजवळ आणेल!).

सीझियमची वाफ वापरणाऱ्या मॅग्नेटोमीटरला क्षेत्राशी 45 अंशांच्या आसपासचा कोन मानवतो. अक्ष क्षेत्राला समांतर किंवा काटकोनात गेला की ते आंधळे होते. तिथे ‘कलता ठेवा’.

फ्लक्सगेट या तिसऱ्या प्रकारच्या मॅग्नेटोमीटरची गोष्ट वेगळी. तो क्षेत्राचे घटक अक्षाअक्षाने मोजतो. क्षेत्राला काटकोनात असलेला अक्ष 1 अंशाने हलला तर 750 नॅनोटेस्लांची चूक होऊ शकते; शोधत असलेली विसंगती, म्हणजे क्षेत्रातला स्थानिक फरक, कित्येकदा त्याहून लहान असते. इथे ‘पाणसळीत आणा आणि उत्तरेशी जुळवा’ लिहावे. पाणसळ हा गवंड्याचा शब्द, पण मदतनिसाला ‘क्षैतिज समतलन’पेक्षा तोच लवकर कळेल.

त्याच चालीवर ‘चुंबकीयदृष्ट्या स्वच्छ राहा’ हेही काढून टाका. ‘किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचे बक्कल, लोखंडी टोकाचे बूट दूर ठेवा’ असे नावानिशी सांगा. ही खबरदारी जुनीच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय मोजमाप अलिबागला हलवावे लागले. तिथे 1904मध्ये नोंदी सुरू झाल्या.

नाम हवे असेल तर ‘रोख’ हा शब्द सुरेख आहे: ‘सेन्सरचा रोख’. फक्त तक्त्याच्या रकान्यावर नुसते ‘रोख’ लिहू नका, लोक पैसे मांडतील. तिथे ‘अक्षाची दिशा’ लिहा, आणि उत्तर चुंबकीय की भौगोलिक तेही. कोकणात दोन्हींत अंशाहून कमी फरक आहे, पण फ्लक्सगेटला तेवढाही जाणवतो.