नोंदवहीत नाव कोणाचं, जबाबदारी कोणाची

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा काल रात्री वाचून काढला. ऊसतोड मजुरांसाठीच्या अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारानं मांडायच्या, विधेयकाचं काम आमदारसाहेबांनी तुझ्यावर सोपवलं, याचा मनापासून आनंद झाला. तालुक्याची वकिली सोडून मुंबईला जावं की नाही म्हणून तू घुटमळत होतीस, तेव्हा मी 'जा' म्हटलं ते अशाच कामासाठी. सोबत तू विचारलं आहेस की, कायदा समाजाच्या भल्याचा आहे की वाईटाचा, हे तो लागू होण्याआधी कसं ओळखायचं? मी जे शिकलो ते तुझ्याच मसुद्याला धरून सांगतो.

उद्देश आणि कारणांचं निवेदन तू फार चांगलं लिहिलंस, पण त्यावर विसंबू नकोस. ज्याचा हेतू कागदावर वाईट दिसतो असा कायदा माझ्या पाहण्यात नाही. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा घे. लोकांच्या जीविताचं आणि मालमत्तेचं रक्षण, हाच त्याचा हेतू. त्याला नाही कोण म्हणणार? पण आत काय होतं ते बघ. एखादी जमात सराईत गुन्हे करते असं सरकारला वाटलं, की तिला अधिसूचनेनं 'गुन्हेगार जमात' ठरवायचं. मग त्या जमातीत जन्मलेल्यांची नावं नोंदवहीत चढायची, त्यांनी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. गुन्हा शाबीत व्हायची गरजच नव्हती, जन्म पुरेसा होता. आणि सगळ्यात भयंकर कलम हे, की त्या अधिसूचनेची वैधता कोणत्याही न्यायालयानं तपासायची नाही. दाद मागायचं दारच कायद्यानं बंद करून घेतलं.

1911 नंतर हा कायदा मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट झाली. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट कुटुंबं तिथं आणून ठेवली. आतली माणसं गिरण्यांत कामाला जायची आणि हजेरीला परत यायची. शाहू महाराजांनी 1918 मध्ये आपल्या संस्थानात अशा जमातींची हजेरी बंद केली, हे मुद्दाम सांगतो, कारण 'त्या काळात सगळ्यांना तसंच वाटायचं' हे म्हणणं खरं नाही. कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. म्हणजे 81 वर्षं तो टिकला. एवढ्या काळात त्यानं पोलिसांना, सावकाराला, गावच्या पाटलाला एक सवय लावली, आणि ती कायद्याबरोबर रद्द झाली नाही. चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी आजही या जमातींच्या पालावर जाते. वाईट कायद्याचं नुकसान शिक्षा झालेल्या माणसांपुरतं राहत नाही. बाकीच्या समाजाला तो एका ठरावीक नजरेनं बघायला शिकवतो.

आता दुसरी नोंदवही बघ. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं खडी फोडायला, बंधाऱ्यावर माती टाकायला गेली. त्याच्या आधीपासून वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, काम मागणाऱ्याला काम मिळालंच पाहिजे असा आग्रह धरून होते. तासगाव तालुक्यात विसापूरला त्याचा छोटा प्रयोगही त्यांनी करून पाहिला होता. रोजगार हमी योजना चालू झाली, मग 1977 साली विधिमंडळानं कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. दुष्काळी काम तोवर सरकारच्या दयेचं होतं, कलेक्टरला वाटलं तर निघायचं, नाही वाटलं तर नाही. कायद्यानंतर ते मागायची वस्तू झाली.

मला यात मोठं वाटतं ते काय, सांगतो. अंगठा उठवणारी बाई नमुना 4 भरून देते. तो काम मागणीचा अर्ज. समोरच्यानं तिला तारीख घालून पोच द्यायची. त्या तारखेपासून 15 दिवसांत काम द्यायचं, नाही जमलं तर बेकार भत्ता द्यायचा. म्हणजे घड्याळ तिच्या बाजूनं चालू होतं! पुढं काम का काढलं नाही याचं उत्तर तहसीलदारानं द्यायचं, तिनं नव्हे. आपण गरीब आहोत, आपल्याला जमीन नाही, हा दाखला तिला जोडायचा नसतो. उन्हात घमेली उचलायला जो तयार आहे त्याला गरज आहे, एवढं कायद्यानं धरून चाललं. मोजमापावर मजुरी असल्यानं बाईचा दर वेगळा आणि पुरुषाचा वेगळा असंही नव्हतं.

तो कायदा सोन्यासारखा चालला असं मात्र समजू नकोस. भत्ता सुरुवातीला दिवसाला 1 रुपया, आणि तोही हातात पडला असं सांगणारं माणूस शोधावं लागेल. पोच न देणं ही तर कार्यालयांची जुनी युक्ती, कारण तारीखच नसली की 15 दिवस मोजायचे कुठून? मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, खोटी नावं चढली, बिलं थकली. पण हे सगळं चुकीचं आहे असं छातीठोकपणे म्हणायला आणि मोर्चा काढायला त्या कायद्यानंच आधार दिला. मजुरांच्या संघटना उभ्या राहिल्या त्या याच नमुना 4 च्या जोरावर. आणि 2005 साली केंद्रानं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर महाराष्ट्राचा अनुभव होता.

दोन्ही कायदे गरिबाचं नाव वहीत लिहितात. एकात नाव लिहिलेल्या माणसानं अंमलदाराला उत्तर द्यायचं, दुसऱ्यात अंमलदारानं त्या माणसाला. कोणताही कायदा हातात आला की मी एवढंच शोधतो. चूक झाली तर त्रास कोणाला होणार, आणि सर्वांत कमी वजनाच्या माणसाच्या हातात तो कायदा काय ठेवतो?

या नजरेनं तुझं कलम 4 वाच. 'प्रत्येक ऊसतोड कामगाराने हंगाम सुरू झाल्यापासून 30 दिवसांच्या आत तालुक्याच्या कार्यालयात नोंदणी करावी.' अगं, हंगाम सुरू झाला की ती माणसं तालुक्यात असतात कुठं? दसरा-दिवाळी झाली की बीडच्या गावांतून गाड्या भरतात त्या सांगली-कोल्हापूरपर्यंत, कर्नाटकापर्यंत, आणि परत येतात मार्च-एप्रिलला. तू दिलेले 30 दिवस ती उसाच्या फडात असतील. ज्याच्यासाठी कायदा, तोच त्याच्या बाहेर! त्यापुढं कलम 9, की ओळखपत्र जवळ बाळगावं, मागितल्यास दाखवावं, न दाखवल्यास दंड. हे कलम तुझ्या हातून कसं उतरलं? रात्री दोन वाजता ट्रॉली भरून आलेल्या जोडप्याला कोण अडवेल आणि दंडाच्या नावाखाली काय मागेल, हे तू कोर्टात दोन वर्षं बसून पाहिलेलं आहेस. कल्याणाच्या कायद्यात तू नकळत हजेरी आणलीस. ते कलम काढून टाक.

नोंदणीची सक्ती करायचीच तर ज्याच्याकडे कागद-कारकून आहेत त्याच्यावर कर. इथं माथाडी कायदा नीट वाच, 1969 चा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनं मिळवलेला. हमालाला एक मालक नसतो, सकाळी एका गाळ्यावर तर दुपारी दुसऱ्या. म्हणून मंडळ काढलं. त्यात कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. मालकानं नोंदणी करायची, मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस हे सगळं मंडळानं बघायचं. पाठीवर पोतं घेणारा माणूस मालकाच्या दारात हात पसरत नाही. त्या कायद्याच्या नावाखाली खोटे माथाडी बनून खंडणी मागणारेही निघाले, ती तक्रार खोटी नाही आणि तिचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण त्या बांधणीला तोड नाही.

तुझ्या विधेयकाचा जीव व्याख्येच्या कलमात, कलम 2 मध्ये, आहे. मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, मी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, टोळी आणणाऱ्या मुकादमाला दिली. मुकादम म्हणतो, मी तरी कोण, मीही त्यांच्यातलाच. आणि उचल फिटेपर्यंत जोडप्याला सुटका नाही. तू 'मालक म्हणजे ज्याने कामगारास कामावर नेमले असेल तो' असं लिहिलंस. तिघेही त्यातून निसटतील आणि सापडला तर मुकादम सापडेल. ऊस ज्याच्या गाळपाला जातो त्या कारखान्याला मुख्य मालक धर, मधली साखळी कितीही लांब असो. विरोध होईल, सभागृहात अर्धे लोक कारखानदारच आहेत म्हणून साहेबही कदाचित कचरतील. तरी मसुद्यात ते असू दे. तडजोड करायची तर ती त्यांनी सभागृहात करावी, तू टेबलावर आधीच करू नकोस.

आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचलीच्या कागदावर नाव नवऱ्याचं, टनाचा हिशोब नवऱ्याच्या नावावर, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणारी बाई कुठल्याच कागदावर नाही. 'कामगार' या व्याख्येत दोघांची स्वतंत्र नोंद आणि मजुरीची स्वतंत्र चिठ्ठी, असं स्पष्ट लिही. नाहीतर पुढचं प्रसूती लाभाचं कलम कोणाला लागू करणार?

पैशाचं बोलू. रोजगार हमीला त्या काळात पैसा शोधून दिला होता. 1975 चा व्यवसाय कर त्यासाठीच आला, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. पगारदारांच्या पत्रकात दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात, त्याचं मूळ खडीच्या ढिगाऱ्यावर आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तुझं वित्तीय ज्ञापन, म्हणजे विधेयकाच्या खर्चाचं टिपण, मात्र दोन ओळींचं आहे. टनामागं कारखान्यानं किती भरायचं, कोणत्या तारखेला, न भरल्यास काय, हे कलमातच घाल. 'विहित करण्यात येईल त्याप्रमाणे' असं तू अकरा ठिकाणी लिहिलंस, म्हणजे ते सगळं पुढं सरकारनं करायच्या नियमांवर सोडलंस. नियम बनवायचं राहून गेलं की कायदा नुसता छापील पुस्तक होतो. वनहक्कांचा कायदा 2006 चा, पण नियम निघून तो प्रत्यक्ष चालू व्हायला 2008 चा जानेवारी उजाडला, आणि तेही लोकांनी रेटा लावला म्हणून. 'गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे की, मग कायदा कशाला?' असं तुला कोणी विचारेल. महामंडळाची योजना सरकार बदलते, कायद्यानं दिलेला हक्क काढून घ्यायला सभागृहात उभं राहावं लागतं, हे उत्तर दे.

अधिकाऱ्याच्या कसुरीबद्दल माहिती अधिकार कायद्यातली दंडाची तरतूद उचल. दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000 रुपये, आणि तेही त्या अधिकाऱ्याच्या खिशातून. एवढ्यानं भ्रष्टाचार संपला नाही, पण अर्जाला उत्तर द्यायची कार्यालयांना धास्ती बसली.

एका गोष्टीत मात्र तुझ्या वयाची माणसं हमखास घाई करतात. चांगला कायदा तसाच राहील असं धरून चालतात. मुंबईतल्या जुन्या चाळी बघत असशील. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला धरून ठेवली. युद्ध, फाळणी, घरांची टंचाई, त्या वेळी ते अगदी योग्य होतं. गिरणी कामगार रस्त्यावर आला नाही तो त्यामुळे. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढ घेत राहिला. भाड्यात रंगाचा डबा येईना, मालकांनी डागडुजी सोडली, पागडी काळ्या पैशात चालू झाली, इमारती कोसळायला लागल्या. मग 1969 साली उपकर लावून दुरुस्ती मंडळ आलं. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं 1997 च्या डिसेंबरात सांगितलं की, ही गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अन्यायकारक झाली आहेत. तेव्हा कुठं 1999 चा नवा कायदा झाला आणि वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा मिळाली. मालक आणि भाडेकरू दोघांचंही नुकसान झालं, आणि दोघांत कुणीच वाईट नव्हतं. म्हणून रकमेचे आकडे कायद्यात गोठवू नकोस, महागाई निर्देशांकाला बांध. आणि दर पाच वर्षांनी आढावा विधिमंडळासमोर ठेवणं बंधनकारक कर.

तुझं कलम 12, मुलांच्या हंगामी वसतिगृहाचं, फार चांगलं उतरलं आहे. त्यात एक शब्दही बदलू नकोस.

बाकी आता असं कर. गाड्या भरायच्या आधी चार दिवस सुट्टी काढून ये. धारूर, केज, वडवणीकडं जाऊ. मुकादमांना नको, बायकांना भेटू, आणि कलमं मोठ्यानं वाचून दाखवू. ज्या कलमावर त्या 'हे आम्हाला कसं जमणार?' म्हणतील तिथं खूण कर. कलम 2, 4 आणि 9 त्यानंतरच नव्यानं लिहून मला पाठव, आणि वित्तीय ज्ञापनासाठी हिशोब लागला तर मागच्या पाच हंगामांचे गाळपाचे आकडे साखर आयुक्तालयाकडून आधीच मागवून ठेव, त्यांना वेळ लागतो.

तुझा,
सर